दगडाबाईचा टाक

मुंजाजीने घसा खाकरला की उमापूरच्या पारावरची माणसं उठायला लागायची. कुणाला बैल सोडायचे आठवायचे, कुणाला पाहुणा आल्याचं. माणूस वाईट नव्हता. हाडाचा कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मेंढरं राखून चार घास सुखाने खाणारा. खोड एकच होती. बोलणं कुठूनही निघो, मुंजाजी ते फिरवून फिरवून आपल्या लेकीवर आणून सोडायचा. निजाम सरकारचा तालुकेदार दौऱ्यावर येणार म्हटलं की हा म्हणायचा, "त्याची घोडी बघितलीय म्या. घोडी चांगली हाय. पर आमची दगडा बसायची तसं त्याला बसता येत न्हाई." ज्वारीवर चिकटा पडला म्हटलं तरी गाडी तिथेच यायची.

दगडाला जाऊन तीन वर्षं झाली होती. गेलेल्या लेकरासाठी बाप रडला तर लोक जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात. हा रडायचा नाही, हा मिरवायचा. गेलेल्या पोरीची फुशारकी ऐकताना तोंड कसं करायचं हे लोकांना कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही फार चुकत नव्हतं. तीच ती गोष्ट शंभरदा ऐकली तर देवसुद्धा जांभई देईल.

पण सगळ्यांच्या आधी कोण उठायचं, तर त्याची बायको कडूबाई. नदीची गोष्ट सुरू झाली की हातातलं सूत तसंच टाकून ती चालायला लागायची. तीन वर्षांत तिने लेकीचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मुंजाजीला ते काट्यासारखं सलायचं. त्याला वाटायचं, हिला पोरगी विसरायची आहे. त्याला स्वतःला तर एकाच गोष्टीची धास्ती होती. आपण डोळे मिटले की दगडा नावाची एक पोर या कुळात होऊन गेली, हे सांगायला कुणी उरायचं नाही.

दगडाच्या आधी त्यांची दोन लेकरं झोळीतच गेली होती. म्हणून तिसरीच्या वेळी केसरआत्याने कारभार हातात घेतला. केसरआत्या म्हणजे मुंजाजीच्या बापाची बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेली, घरातलं सगळ्यांत जुनं माणूस. तिने जन्मलेली पोर उचलून उकिरड्यावर नेऊन ठेवली, पाठ फिरवली, आणि सापडलेली वस्तू उचलावी तशी परत उचलून आणली. नाव ठेवलं दगडा. मरण दारात आलं तर म्हणायचं, इथं लेकरू नाही बाबा, दगड आहे, पुढचं घर बघ.

पोर जगली. गोरी नव्हती, पण डोळे असे टपोरे की बघणाऱ्याने बघत राहावं. ती चालायला लागली आणि घोर लागला. थोडं पळाली की ओठ जांभळे पडायचे, नखं जांभळी पडायची, आणि ती मटकन उकिडवी बसायची, गुडघे छातीला लावून, मान खाली घालून. कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच उमगलं होतं की असं बसलं की दम परत येतो. दम आला की उठायची आणि जसं काही झालंच नाही, अशी हसायची. अंगारे झाले, धुपारे झाले, मीठमोहऱ्या उतरून झाल्या, म्हसोबाला कोंबडं झालं. शेवटी मुंजाजी तिला खांद्यावर घेऊन बीडला गेला.

तिथल्या म्हाताऱ्या हकिमाने पोरीच्या छातीवर फडकं ठेवून कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून मुंजाजीला म्हणाला, "पैदायशी नुक्स है दिल में. इसकी दवा नहीं मेरे पास. इसको चलाव नक्को, भगाव नक्को. बिठाके रखो."

हकिमाचं म्हणणं उघड होतं, पोरीच्या काळजातच जन्माची खोट आहे, तिला घरात बसवून ठेवा. पण मेंढक्याला घर कसलं? पावसाळ्याचे चार महिने उमापूरच्या वाडीला टेकायचं, बाकी रानोमाळ. आज या शिवारात, उद्या त्या. त्यांच्या जन्मात बसायची जागा म्हणाल तर एकच, घोड्याची पाठ. तीही कोंबड्यांची, नव्या कोकरांची आणि भांड्यांची. मुंजाजीने हकिमाचं बोलणं आपल्या अकलेने घेतलं. बीडहून आल्या आल्या त्याने तांबड्या घोडीवरची भांडीकुंडी उतरवून कडूबाईपुढे ठेवली आणि पोरीला घोडीवर बसवलं.

"अवो, भांडी म्या डोक्यावर वाहू व्हय?" कडूबाई म्हणाली.

"हकिमानं सांगितलंय, बसवून ठिवा. ठिवली बसवून."

कडूबाईने भांडी डोक्यावर घेतली. ती भांडी पुढची सात-आठ वर्षं तिच्या डोक्यावरच राहिली, आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही, हे मुंजाजी आपल्या गोष्टीत कधी सांगायचा नाही. फुशारकी मारणाऱ्याला नेमकं तेवढंच दिसत नाही.

पोर घोडीवर बसली आणि सगळं शिवार हसलं. धनगराची पोर आणि पाटलिणीसारखी घोड्यावर! सगळ्यांत जास्त भडकला सटवा. सटवा हा मुंजाजीचा थोरला भाऊ, कुळाचा कारभारी. देव त्याच्या घरात, शब्द त्याचा शेवटचा.

"पोरगी हाय का सुभेदार हाय बे ही?" तो मुंजाजीला म्हणाला. "उतरव तिला. उद्या सासरी कोन घोडी देनार हाय?"

"उद्याचं उद्या, दादा," मुंजाजी म्हणाला. "आज तरी तिला दम लागत न्हाई."

आणि खरोखरच लागत नव्हता. खाली असताना जी पोर चार ढेकळं ओलांडताना काळीनिळी व्हायची, ती घोडीवर चढली की राजाची लेक. आधी कोकरांच्या टोपल्यांमध्ये टोपलीसारखीच बसायची. मग लगाम मागून घेतला. मग एक आईवेगळं कोकरू तिने घोडीवरच मांडीत घेऊन वाढवलं, बोट चोखायला देऊन. त्या कोकराची चांगली दांडगी मेंढी झाली, तरी घोडीच्या पुढच्या पायाशी लागूनच चालायची. एक मेंढी चालली की दुसरी चालते, हा मेंढरांचा कायदा. तिच्यामागे चार लागल्या, चारांमागे कळप लागला.

मेंढरं हाकायची म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. दगडाजवळ ओरडण्याएवढा वारा छातीत नव्हता. ती नुसती टाळूला जीभ लावून टक टक करायची. बाकीचे मेंढके मागून काठ्या आपटत, शिव्या घालत, घसा फोडत कळप ढकलायचे. मुंजाजीचा कळप पोरीच्या मागे मुकाट चालायचा. मुंजाजी सगळ्यांच्या मागे, काठी खांद्यावर आडवी टाकून, दोन्ही हात काठीवर लोंबकळत सोडून, पाहुण्यासारखा.

गोदाकाठच्या विठ्ठलराव पाटलाच्या रानात दर हिवाळ्यात त्यांची मेंढरं बसायची. मेंढरं रात्रभर रानात बसवली की लेंडीखत पडतं, जमीन पिकते, आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी देतो. एका सकाळी पाटील बांधावर दात घासत उभा होता. कळप निघालेला बघून तो घासायचा थांबला.

"मुंजाजी, तुझी मेंढरं हाकीत कावून न्हाई बे कुनी? आपली आपन चालली की!"

"म्होरं बघा की, पाटील. मालकीन बसलीय."

पाटलाने बघितलं. घोडीवर एवढीशी पोर, पाठ ताठ, डोक्याला बापाचं जुनं मुंडासं, पायात चांदीचे वाळे. पाटील तोंडातला फेस थुंकायचाच विसरला. मुंजाजीच्या जन्मात त्याला कुणी जहागीर दिली नाही, पण त्या सकाळी मिळाली असती तरी त्याने तिच्याकडे वळून बघितलं नसतं.

आणि मग ती नदी.

दगडा दहाएक वर्षांची असेल. उन्हाळा संपत आला होता आणि दोघा भावांचे कळप पल्याडच्या अंबडच्या शिवारातून वाडीला परतत होते. गोदावरीला उतार होता. अलीकडे एक धार, पलीकडे एक धार, मध्ये वाळूचं बेट. कडूबाई आणि बाकीच्या बायका बिऱ्हाड घेऊन आधीच वाडीच्या बाजूच्या काठावर पोचल्या होत्या. गडी मेंढरं घेऊन बेटावर आले तेव्हा डोक्यावर कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पण गोदावरीचं असंच आहे. वर नाशकाकडे कोसळलं की इथे उन्हात पाणी चढतं. बघता बघता धारेचं पाणी गढूळ झालं, काटक्या वाहायला लागल्या, आणि बेटाची कड खचायला लागली.

मेंढरू पाण्याला भितं. सटवाचा घंटा बांधलेला मेंढा, ज्याच्या जिवावर त्याचा कळप चालायचा, तो पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि फिरला. त्याच्यामागे सगळी फिरली. गडी मागून ढकलायला लागले, काठ्या घालायला लागले, ओरडून ओरडून त्यांच्या तोंडाला कोरड पडली. मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकी घालून गोल गोल फिरत राहिली. मागची धारही तोवर चढली होती, परतायची वाटही गेली.

"तवा माझी पोर," मुंजाजी सांगायचा, आणि इथे तो दरवेळी उठून उभा राहायचा, "कुनाला काय इचारलं न्हाई का कुनाला हाक मारली न्हाई. घोडी फिरवली आन पान्यात घातली. घोडीच्या पोटाला पानी लागलं तरी मागं बघितलं न्हाई. तिची मेंढी उडी मारून मागं गेली, आन मग सारा कळप. माझा बी, दादाचा बी. सुईनं दोरा वढावा तसा कळप वढला तिनं."

तो पोचला तेव्हा पोरगी काठावर आईच्या मांडीला टेकून बसली होती, मेंढीचं डोकं कुशीत घेऊन. त्याला बघून हसली. "बा, घोडी भिली न्हाई," एवढंच म्हणाली.

सटवा मात्र ही गोष्ट वेगळी सांगायचा. त्याच्या मुखातून पोरगी कधी निघाली नाही. "माझ्या मेंढ्यानं काढला कळप," तो चारचौघांत म्हणायचा. कुळाच्या कारभाऱ्याचा कळप एका दमेकरी पोरीने तारला, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. जो तो थोरल्या भावाचा शब्द धरायचा आणि मुंजाजीला बाता मारणारा म्हणायचा. म्हणून तर मुंजाजी ती गोष्ट इतक्यांदा सांगायचा. खोटी पडलेली खरी गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

त्याच सालच्या हिवाळ्यात, पाटलाच्या रानात तळ असताना, एका सकाळी दगडा नेहमीसारखी घोडीवर बसली. तोंड जरा सुकलेलं होतं. जिभेने टक टक केली, कळप निघाला. रानाच्या कडेपर्यंत गेली असेल, ती हळूच पुढे वाकली आणि घोडीच्या मानेवर डोकं टेकलं. घोडी आपली आपण थांबली. मागचा सगळा कळप थांबला. मुंजाजी काठी टाकून पळाला, पण तो पोचायच्या आत सगळं झालं होतं. पाटलाने न मागता आपल्या बांधावर जागा दिली. तिथे तिला पुरली.

तर आता तीन वर्षांनी सटवाच्या लेकाचं, रामहरीचं लग्न ठरलं. लग्न म्हटलं की आधी देव उजळायचे. कुळाचे देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवलेले, हाताच्या तळव्यात मावतील एवढे. बिरोबा, खंडोबा, अंबाजोगाईची जोगाई, आणि घोड्यावर बसलेला वाघोजी वीर, त्यांच्या पणजाचा बाप, जो दरोडेखोरांशी लढताना पडला. लग्नाआधी हे टाक सोनाराकडे नेऊन लखलखीत करून आणायचे आणि हळदीच्या दिवशी पहिली हळद त्यांना लावायची. प्रत्येकाचं नाव घेऊन लावायची. देवांची उरलेली हळद मग नवरदेवाला. सटवाला मांडवाची घाई होती, म्हणून देवांची पुरचुंडी त्याने मुंजाजीकडे दिली. "गेवराईला जाऊन ये. आन वाटंत कुनाशी गप्पा मारीत बसू नको."

निघायच्या सकाळी मुंजाजी कडूबाईजवळ येऊन उभा राहिला.

"तिचे वाळे कुठं हायती?"

कडूबाई चुलीपुढून उठली. उतरंडीच्या तळातलं गाडगं काढलं, त्यातून चिंधीत बांधलेले वाळे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. कशाला हवेत, काय करणार, काही नाही. परत चुलीपुढे जाऊन बसली. मुंजाजीला वाटलं, हिला काहीच कसं विचारावंसं वाटत नाही?

गेवराईचा राधाकिशन सोनार म्हातारा होता. त्याने देव घासूनपुसून लखलखीत केले आणि मग वाळे बघितले. "याचं काय करू?"

"टाक करा. माझ्या लेकीचा."

सोनाराने ठशांचा डबा उघडला. पत्रा ज्यावर ठोकून मूर्ती उठवतात ते जुने पितळी ठसे. त्याने एक काढून दाखवला, हात जोडून उभी असलेली बाई. "बाईमानसाचा ह्यो."

मुंजाजीने मान हलवली. "उभी नको."

"का रे बाबा? बायांचा असाच असतो."

"उभी राह्यली की दम लागायचा तिला," मुंजाजी म्हणाला. "आता जन्मभर उभी कशाला करता? ती बसायची. घोडीवर बसायची."

राधाकिशनने त्याच्याकडे बघितलं आणि पहिला ठसा डब्यात ठेवला. दुसरा काढला, घोड्यावरचा वीर. वाळे वितळवून पत्रा झाला, पत्रा ठशावर बसला, आणि छोट्या हातोडीखाली घोडा उठला, स्वार उठला, डोक्याचं मुंडासं उठलं. मुंजाजी पुढे वाकून बघत होता. मुंडासं तर ती घालायचीच.

"पर एक सांगतो," सोनार टाक हातात देताना म्हणाला. "हा बाप्याच दिसनार. तुमच्या लोकांत लगीन न झालेल्या पोरीचा टाक देवात घेत न्हाईत, मला ठाऊक हाय. पुरचुंडीत घाल आन गप ऱ्हा. कुनी इचारलं तर म्हन, एखादा जुना वीर असंल. पोरगी देवात बसंल, कुनाला कळनार बी न्हाई. फकस्त तू तोंड उघडू नको."

फक्त तोंड उघडू नको! हे कुणाला सांगितलं, तर मुंजाजीला. पण सगळ्या वाटेने त्याने मनाशी पक्कं केलं. पोरीला जागा मिळते आहे, मग आपली जीभ गेली खड्ड्यात.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. घाटनांदूरपासून पाहुणे आले होते. रामहरी पाटावर बसला होता. केसरआत्याने पुरचुंडी सोडली आणि देव एकेक करून परातीत मांडले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, बोटांनीच ओळखायची. सटवा शेजारी उभा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आत्या, एक टाक जास्तीचा हाय. ह्यो कोन?"

मुंजाजीने जीभ दातांखाली धरली. केसरआत्याने टाकावरून अंगठा फिरवला. "घोडा हाय की. वीर हाय कुनीतरी." ती विचारात पडली, आणि मग तिचा चेहरा उजळला. "अरं, ह्यो खुशाल असंल! माझा चुलता. पुरचुंडीच्या घडीत अडकून राह्यला असंल येवढे दिस."

सटवाची आठी गेली. घरात आणखी एक वीर निघाला तर कुणाला नको आहे? म्हातारे लगेच आठवायला लागले. खुशालने म्हणे लांडगा हाताने फाडला होता. कुणी म्हणालं, एक नाही, दोन. मुंजाजी ऐकत होता. खुशालची खरी गोष्ट त्याने आपल्या बापाकडून ऐकलेली होती. खुशाल भावाची मेंढरं बाजारात विकून तिकडूनच पळाला होता आणि परत आला नव्हता. पण गप्प बसायचं होतं. त्याने जमिनीकडे बघितलं.

हळद लावायला सुरुवात झाली. "बिरुबाला हळद. खंडुबाला हळद. जोगाईला हळद. वाघोजीबाला हळद." आत्याचा पिवळा अंगठा पाचव्या टाकाकडे गेला. "खुशालबाला..."

"न्हाई!" मुंजाजी ओरडला. आत्याचा हात थबकला. "त्यो खुशाल न्हाई. त्या चोराचं नाव माझ्या लेकीला नका देऊ. ती दगडा हाय. माझी दगडा."

मांडवात एकच गलका उठला. सटवा संतापाने काळा पडला. "लेकीचा टाक कोन करतं बे? लेक म्हंजे परक्याचं धन. लगीन न झालेली पोर, ना हितली ना तितली. तिला देवात बसवून माझ्या लेकाच्या लगनात इघ्न आनतू? काढ त्यो टाक!"

"काढ म्हनतू? मग तुझा कळप नदीतून कुनी काढला, दादा, त्ये सांग आधी."

"माझ्या मेंढ्यानं काढला."

"पोरीनं काढला!" मुंजाजीचा आवाज फाटला. त्याने गोष्ट सुरू केली, शंभरदा सांगितलेली, पण या वेळी कुणी उठलं नाही. उठणार कुठे, मांडवाबाहेर ऊन होतं. "घोडी फिरवली आन पान्यात घातली. घोडीच्या पोटाला पानी लागलं तरी..."

"मानंला."

आवाज बायकांतून आला होता. कडूबाई उठून उभी राहिली होती. थोरल्या दिरासमोर तिने लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. आताही पदर नाकापर्यंत ओढलेला होता, पण बोलणं त्या पदराआडून खणखणीत आलं.

"पोटाला न्हाई, मानंला लागलं व्हतं. तुमी मागं व्हता, तुमाला पोरीची पाठ दिसली. मी म्होरं काठावर व्हते, मला तिचं तोंड दिसलं. घोडी पोहत व्हती. पोरीच्या कमरंवरून पानी जात व्हतं, आन दोन्ही हातानं तिनं घोडीची आयाळ धरली व्हती." मग ती सटवाकडे वळली. "भावजी, चुकलं तर पायताण हाना. पर तुमचा मेंढा बेटावर चकरा मारीत व्हता. आन ह्यो रामहरी घोडीच्या शेपटाला व्हता. तुमचं लेकरू हाय, त्यालाच इचारा."

सगळ्यांनी नवरदेवाकडे बघितलं. रामहरी पाटावर मान खाली घालून बसला होता. बापापुढे त्याचीही कधी जीभ उचलली नव्हती.

"व्हतो," तो म्हणाला. "शेपूट धरूनच आलतो. न्हाईतर आज ह्या पाटावर नसतो."

सटवाने परातीतल्या टाकाकडे बघितलं. मुंजाजीने हात जोडायला उचलले आणि मध्येच थांबवले. पोरीसाठी भीक मागायची नाही, असं त्याला वाटलं.

"मेंढा मागून आला," सटवा शेवटी म्हणाला. आवाज खाली गेला होता, पण सगळ्यांनी ऐकला. "सगळ्यांच्या मागून आला. आत्या, नाव घे."

"कुनाचं रं?"

"दगडाबाईचं."

केसरआत्याने अंगठा हळदीत बुडवला. दहा वर्षांची पोर, तिला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. "दगडाबाईला हळद," आत्या म्हणाली, आणि उकिरड्यावरून उचललेल्या त्या पोरीला पिवळं बोट लागलं. मग देवांची उरलेली हळद रामहरीच्या कपाळाला लागली, बायकांनी गाणी धरली, आणि मांडव पुन्हा मांडवासारखा झाला.

मुंजाजीने कडूबाईला शोधलं. ती मांडवामागे म्हाताऱ्या तांबड्या घोडीला कडबा घालत होती. तो शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुला येवढं सारं ठाऊक व्हतं, तर तीन वर्षं कावून उठून जात व्हतीस? म्या येकटाच वरडत राह्यलो."

कडूबाईने कडब्याची पेंडी खाली ठेवली.

"त्या दिशी घोडीवरून उतरवली म्या तिला. ओठ काळे पडलते. बोलता येत नव्हतं. उकिडवी बसली, लई येळ बसली. मला वाटलं, जाती आता. मग तुमी लांबून येताना दिसला. माझं लुगडं धरून म्हनली, माय, बाला सांगू नको म्या दमले म्हून. त्यो मला घोडीवरून उतरवंल. म्या शब्द दिला तिला. तुमी गोष्ट काढली की माझ्या तोंडात यायचं, म्हून उठून जायची."

मुंजाजीच्या डोळ्यांना धार लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याने ती पुसलीही नाही.

"मग आज कावून सांगितलंस?"

कडूबाईने घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"आता बसली की ती घोडीवर," ती म्हणाली. "आता कोन उतरवतंय तिला?"